तोरणमाळ, सापुतारा आणि तिसरा 'नको'

आमच्या घराचं भवितव्य सातपुडा आणि सह्याद्री या दोन पर्वतांनी मिळून ठरवलं. वाक्य आत्मचरित्राला शोभणारं आहे, म्हणून ठेवते. खरं पाहता दोन्ही पर्वतांना या प्रकरणाची कल्पना नव्हती, आणि जे काही ठरलं ते अशा जागी ठरलं जिथली हवा थंड नाही, जिथून सूर्यास्त बघायला कुणी जात नाही आणि जिथे मे महिन्यात बाकावर सावली मिळाली तर माणूस शेजाऱ्याला भाग्यवान समजतो. पण ते पुढे येईलच.

आम्ही तेव्हा भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत राहत होतो. वडिलांना आम्ही दोघी बहिणी भाऊ म्हणायचो. भाऊ वीजकेंद्रात, बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. समोरच्या काट्यांकडे बघत बसायचं आणि दर तासाला काटे काय म्हणतात ते लॉगबुकात लिहायचं, हे त्यांचं काम. काटा दोन लाल रेघांच्या मध्ये असला की भाऊ सुखात, रेघेकडे सरकला की घाम. घरी काटे नव्हते, त्यामुळे आपण रेघेच्या आत आहोत की बाहेर हे त्यांना कधीच कळत नसे, आणि सुट्टीच्या दिवशी ते जास्त घामेजलेले दिसत. केंद्राची घरघर दिवसरात्र चालू असे. आम्हाला ती ऐकूच येत नसे. कधी थांबलीच तर मात्र सगळ्या क्वार्टरांची दारं एकदम उघडत आणि बनियनमधले पुरुष चिमणीकडे बघत उभे राहत. बायकांना चिमणीचा वेगळा उपयोग होता. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, गच्चीवर घालायच्या आधी त्या धुराकडे बघत आणि वारा कुठला ते ठरवत. माझी आई या कामात इतकी तरबेज होती की शेजारणी तिला विचारल्याशिवाय साडी पसरत नसत. "धूर तापीकडे चाललाय, घाला बिनधास्त," ती सांगे, आणि संध्याकाळपर्यंत गच्च्यांवर पांढरे चंद्र कडकडत वाळलेले असत. घाई करून बिबडे ओलेच डब्यात भरणाऱ्या बाईबद्दल तिचं मत वाईट असे. तिच्या मते जगातल्या बहुतेक चुका ओल्या बिबड्यांसारख्या, घाईनं झाकण लावल्यामुळे होतात. पुढे घडलं त्यात घाई कुणीच केली नव्हती, हा तिच्या तत्त्वज्ञानाला बसलेला मोठा धक्का.

माझी थोरली बहीण अक्का तेव्हा चोविशीची होती आणि वसाहतीतल्या बालवाडीत शिकवायची. तिच्यासाठी आलेली आधीची दोन स्थळं बारगळली होती. पहिल्यांना ती उंच वाटली. दुसऱ्यांनी दिवाळीनंतर कळवतो म्हटलं, पण कुठल्या दिवाळीनंतर ते सांगितलं नाही. या दोन्ही मुलांचे फोटो अक्कानं आईच्या कपाटात, पातळांच्या घडीखाली ठेवून दिले होते. तिसरा फोटो धुळ्याहून आला. मुलगा कॉलेजात शिकवायचा, नाव दिनकर, चष्मा, केस किंचित उडालेले. हा फोटो कपाटात गेला नाही. तो अक्काच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुडीखाली गेला. मी पंधरा वर्षांची होते आणि दुसऱ्यांच्या डब्यांत बघण्याची सवय मला होती. तो फोटो तिथे दिसला त्या क्षणापासून मला धास्ती लागली. तोवर अक्काचं लग्न हा आईभाऊंचा विषय होता. आता ही सोयरीक मोडली तर अक्काचं काहीतरी मोडणार होतं.

मुलाच्या वडिलांना सगळे आबासाहेब म्हणत. ते खादी घालत, एका वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि सुधारक होते. सुधारक माणसाशी सोयरीक करणं फार अवघड, कारण जुन्या माणसाला काय हवं ते तरी ठाऊक असतं. त्यांचं पत्र आलं ते छापील मथळ्याच्या कागदावर. 'मुलीस दिवाणखान्यात बसवून, पोह्यांच्या बशीसह तिचे निरीक्षण करणे ही प्रथा उभयपक्षी मानहानिकारक आहे. सबब दोन्ही कुटुंबांनी निसर्गाच्या मुक्त सान्निध्यात, सहलीच्या निमित्ताने एकत्र यावे. तोरणमाळ वा सापुतारा, यांपैकी निवड आपण करावी. आम्हांस दोन्ही सारखीच.' भाऊंनी ते पत्र तीन वेळा मोठ्यानं वाचलं आणि पंख्याखाली जाऊन बसले.

"आम्हांस दोन्ही सारखीच," आई म्हणाली. "असं कधी असतं का?"

माझ्या शाळेच्या नकाशात दोन्ही ठिकाणं शेजारी शेजारी होती, मधे करंगळीएवढं अंतर. तोरणमाळ आपल्याकडचं, सातपुड्यातलं. तळं, गोरखनाथाचं देऊळ, जंगल आणि फारसं काही नाही. सापुतारा सह्याद्रीच्या टोकाला, गुजरातेत. तिथे हॉटेलं, नावा, बागा, आणि आईसक्रीम खाणारे सुरतचे लोक. भाऊंनी दोन्ही ठिकाणांचा इतका विचार केला की ती दोन्ही उकडून गेली असतील. तोरणमाळ म्हणावं, तर आपण कंजूष ठरू. सापुतारा म्हणावं, तर मुलीला चैनीची सवय आहे असं वाटेल. तोरणमाळ म्हणावं, तर जंगलात नेलं म्हणतील. सापुतारा म्हणावं, तर परराज्यात नेलं म्हणतील. आईची चिंता मात्र एकच होती आणि ती घराबाहेर बोलायची नव्हती. अक्काला गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. जळगावच्या पुढे गेलं की तिचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा व्हायचा, आणि एरंडोलपर्यंत ती पोचली तर देवाला नारळ फुटायचा. आई मागच्या लाइनीतल्या एसटी ड्रायव्हरच्या बायकोकडे गेली आणि आडून आडून विचारून आली.

"तोरणमाळच्या घाटाचं नावच सात पायरी आहे," ती भाऊंना म्हणाली. "सात मोठी वळणं. लहान कुणी मोजलीच नाहीत."

"लिंबू घेऊ," भाऊ म्हणाले.

"सात लिंबं घेऊन ती मुलासमोर उतरेल ती कशी उतरेल? तुम्ही पसंत कराल?"

पंधरा दिवसांनी त्यांनी खादीचा कौल मानला. खादीवाल्या माणसाला साधं ठिकाण आवडणार. माझं अक्षर बरं म्हणून पत्र मी लिहिलं: तोरणमाळ. आबासाहेबांचं कार्ड लगोलग आलं, 'तोरणमाळ ठरले. आनंद वाटला.' भाऊंनी ते कार्ड खिशात ठेवलं, आणि चार दिवस आमच्या घरात काटा रेघांच्या मध्ये होता.

पाचव्या दिवशी नाना आले. नाना या सोयरिकीतले मध्यस्थ. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे धुळ्याकडचे, आता जामनेरला राहत. बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. माणूस गोड. दोन्हीकडे जेवायचा आणि दोन्हीकडची बाजू घ्यायचा. आईनं त्या दिवशी वरण-बट्टी केली होती. दुसऱ्या बट्टीवर तूप पडलं तसे नाना मोकळे झाले.

"भाऊ, एक गोट सांगस, पण मन्हं नाव घेऊ नका. आबासायेबनी घरवालीना मनमां सापुतारा शे."

भाऊंचा हात ताटातच थांबला. "त्यांनी तर आनंद वाटला लिहिलंय."

"आबासायेबले वाटना. बाईले नही वाटना. पण त्या बोलाव नहीत. शब्द दिन्हा ना."

होणाऱ्या सासूची पहिलीच इच्छा मोडून मुलीला उभी करायची, या विचारानं भाऊंना बट्टी गिळवेना. आईला मात्र आयतं कारण मिळालं. सापुताऱ्याच्या वाटेत वळणं बेतानं आहेत, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. "नाना, त्यांना म्हणावं आपण सापुताऱ्यालाच जाऊ. आमची काही ना नाही," भाऊ म्हणाले. नाना धुळ्याला गेले, जेवले आणि उलट निरोप घेऊन आले. आबासाहेब म्हणत होते, छे, छे, मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांसाठी वाकायचं हीच तर गुलामगिरी. तुमची निवड तीच आमची. तोरणमाळच.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खानदेशात पंगतीला वाढताना पाहुणा 'नको' म्हणतो. पहिला 'नको' शोभेचा. तो ऐकून वाढणं थांबवणारा यजमान दळभद्री. दुसरा 'नको' यजमानाचा जीव किती आहे ते बघायला. तिसऱ्यांदाही यजमानानं हात पुढे केला की वाद संपला. बट्टी पानात पडते आणि पाहुण्याला ती खावी लागते. तीनदा आग्रह करणारा जिंकतो. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळ्यांना मोजता येतं. आमच्या घरात मी लहानपणापासून पाहुण्यांचे 'नको' मनात मोजत आले आहे, आणि आजही जळगावात कुणी पहिल्या 'नको'ला माझ्या पानावरून वाटी फिरवली तर त्या घरी मी परत जात नाही.

तेव्हा भाऊंनी तोरणमाळच्या निरोपाला पहिला 'नको' धरलं. "शोभेचं आहे," ते म्हणाले. पुन्हा निरोप गेला: सापुतारा. नाना परत आले: तोरणमाळ. भाऊंनी तिसऱ्यांदा निरोप दिला, नानांचे दोन्ही हात धरून. "नाना, शेवटचं. सापुताराच. ठरल्याप्रमाणे सोळा तारखेलाच, सकाळी अकराला, तळ्यावर, नावा सुटतात तिथे." नानांचा एव्हाना शर्टाच्या पोटावरच्या बटणाशी झगडा सुरू झाला होता. "काळजी करू नका, बठ्ठं जमी जाई," ते म्हणाले. त्यावर उलट निरोप आला नाही. तिसरा आग्रह, आणि पुढे शांतता. म्हणजे बट्टी पानात पडली. नाना पोट बिघडून जामनेरलाच झोपले आणि धुळ्याला पोचलेच नाहीत, हे मागाहून कळलं.

आता भुसावळच्या माणसानं नाशिककडे रेल्वेनं जावं हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही एसटीनं गेलो, तेही धुळ्यावरून, कारण नानांनी आधीच पुढची सीटं सांगून ठेवली होती आणि नानांच्या दृष्टीनं रेल्वे ही परकी सत्ता होती. मध्यस्थाला दुखवायचं नाही, हा भाऊंचा धर्म. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिबड्यांचा पत्र्याचा डबा घेतला. अक्काच्या साडीआड पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधली, हातात लिंबू दिलं, तोंडात आलेपाक. वर्तमानपत्रानं उलटी थांबते ही समजूत कुणाची ते मला माहीत नाही. त्या दिवशीच्या अंकात अग्रलेख असावा.

पारोळ्यापर्यंत अक्कानं धीर धरला. पुढचं मी सांगत नाही. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि डांबर चपलेला चिकटत होतं. भाऊ नाशिकच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडे धावले. आई सामानावर बसली आणि तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, कारण हे मुलाचं गाव आणि कुणी ओळखीचं भेटलं तर? अक्का भिंतीकडे तोंड करून खांबामागे वाकली होती. मला पाणी आणायला पिटाळलं. नळावर रांग होती. मी परत आले तेव्हा अक्का ओल्या पदरानं तोंड पुसत होती आणि तिच्या हातात फिरकीच्या झाकणाचा एक तांब्या होता. एक पाठमोरा माणूस, केस किंचित उडालेले, शहाद्याच्या गाडीकडे पळत होता. गाडी हललीच होती.

"कुणी दिला गं?"

"होता कुणीतरी." अक्काचा चेहरा कच्च्या केळ्यावरून एकदम डाळिंबाकडे गेला होता. "परत घ्यायला विसरला." आणि तिनं तांब्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत खाली घातला. पुढे नाशिक आणि वणीमार्गे सापुताऱ्यापर्यंत ती एकदाही ओकली नाही. आईनं याचं श्रेय आलेपाकाला दिलं.

सापुताऱ्यात भाऊंना पहिला त्रास झाला तो शांततेचा. लॉजच्या खोलीत घरघर नव्हती. ते पुन्हा पुन्हा दार उघडून बाहेर बघत, जणू डोंगराचं युनिट ट्रिप होऊन बंद पडलं आहे. सोळा तारखेला सकाळी दहालाच आम्ही तळ्यावर. भाऊंनी लग्नातला कोट घातला होता. आईच्या मांडीवर बिबड्यांचा डबा, कारण विहिणीला रिकाम्या हातानं भेटायचं नाही. अक्का मोरपंखी साडीत, बाकाच्या टोकाला. अकरा वाजले. चष्मेवाला तरुण आणि खादीवाला म्हातारा दिसला की भाऊ उठून उभे राहत, कोटाचं बटण लावत, आणि तो माणूस गुजराती बोलत पुढे गेला की बसत. बारा वाजले. एक वाजला. सुरतचं एक कुटुंब आमच्या शेजारी बसून, खाऊन, भांडून, समेट करून निघून गेलं. दोन वाजता भाऊंनी खिशातली डायरी काढली. ड्यूटीच्या डायरीतच त्यांनी निरोपांची नोंद ठेवली होती.

"तीनदा," ते म्हणाले. "मी तीनदा सांगितलंय. हे बघ."

"आणि त्यांनी?" आईनं विचारलं.

"दोनदा."

आईनं बोटांवर मोजलं. "आणि कार्ड?"

"कुठलं कार्ड?"

"तोरणमाळ ठरले, आनंद वाटला. ते तोरणमाळच म्हणाले ना त्यात? ते एक. मग नानांकडून दोन."

"कार्ड धरतात?" भाऊंचा आवाज एकदम बारीक झाला. "ते तर आधीचं. आग्रह सुरू व्हायच्या आधीचं."

"तुम्ही नाही धरलंत. त्यांनी धरलं असेल तर त्यांचेही तीन झाले. आपल्या आधी झाले. आपला शेवटचा निरोप त्यांना पानावरून उठताना उगाच 'अजून घ्या' म्हणतात तसा वाटला असेल."

कंट्रोल रूममधला माणूस लाल रेघ ओलांडताना काटा कसा बघत असेल, ते मी त्या दिवशी पाहिलं. म्हणजे ते सगळे या क्षणी तोरणमाळच्या तळ्याकाठी बसले होते, आमची वाट बघत. आबासाहेब, ज्यांनी आमच्या मानासाठी बायकोची इच्छा मोडली. "संपलं," भाऊ म्हणाले. "त्यांना वाटणार, मुद्दाम फिरकलो नाही. मोडलं हे." आई कधी नव्हे ते बिबड्यांचा डबा उघडून कोरडाच बिबडा मोडून खाऊ लागली, आणि त्यावरून मला कळलं की तीही घाबरली आहे. अक्का पाण्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला समजेना. तिथे जे असायला हवं होतं ते नव्हतं.

ऊन वाढलं म्हणून मला खोलीवरून छत्री आणायला पाठवलं. छत्री पिशवीच्या तळाशी होती, तिच्याआधी टॉवेल हाताला लागला आणि टॉवेलातून तांब्या. त्यावर अक्षरं कोरलेली होती. नाव कोरलेली भांडी प्रत्येक घरात असतात, पण इथे मजकूर तांब्याला पूर्ण वळसा घालून पुन्हा सुरुवातीला भिडला होता, त्यामुळे वाचायला तांब्या फिरवावा लागे: 'वाचनालयाच्या अध्यक्षपदी एकमताने फेरनिवड झाल्याबद्दल समाजधुरीण आबासाहेब, धुळे, यांस सभासदांकडून सादर सप्रेम भेट.' मी तो दोनदा फिरवला. मग पलंगावर बसले.

छत्री घेऊन परत आले तेव्हा अक्काला बाजूला ओढलं. "तो होता? तुला माहीत होतं? ते शहाद्याच्या गाडीत चढले, म्हणजे तोरणमाळला, हे तुला स्टँडवरच कळलं होतं?"

"हळू बोल."

"मग बोलली का नाहीस? भाऊ मरायला टेकलेत तिकडे!"

"मंगे, मी ओकत होते." अक्का इतक्या शांतपणे बोलली की मलाच रडू आलं. "खांबाला धरून ओकत होते, आणि तो तांब्या पुढे करून उभा होता. त्या वेळी नाव सांगू? आईला हाक मारू, की बघ, जावई आला?"

"त्यानं ओळखलं तुला?"

"माहीत नाही. एवढंच म्हणाला, आधी चूळ भरा, मग प्या."

यानंतरच्या आयुष्यात मी प्रेमाची पुष्कळ वाक्यं वाचली. नोकरीच वाचनाची होती. इतकं उपयोगाचं वाक्य पुन्हा आढळलं नाही.

अक्कानं मला शपथ घातली होती, पण शपथ न सांगण्याची होती, न दाखवण्याची नव्हती. संध्याकाळी खोलीवर भाऊ आबासाहेबांना माफीचं पत्र कसं सुरू करावं या विवंचनेत असताना मी तांब्या आईच्या पुढ्यात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले. आईनं तांब्या एकदा पूर्ण फिरवला. मग अक्काकडे बघितलं. अक्कानं मान खाली घातली. स्टँडवरचं ते दृश्य आईच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं मला दिसलं, लिंबासकट. मला वाटलं, आता ती कपाळाला हात लावणार. तिनं चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" भाऊ म्हणाले.

"मध आणायला. इथे चांगला मिळतो म्हणतात."

"नातं मोडलं तिथे मध कसला?"

"नात्याचं नंतर बघू. परक्याचं भांडं आपल्याकडे आहे. ते रिकामं परत करायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आम्ही धुळ्यात आबासाहेबांच्या दारात उभे होतो. अक्का या खेपेला चांदवडपासूनच आजारी होती आणि तिनं ते लपवलंही नव्हतं. आबासाहेब व्हरांड्यात छापील मथळ्याच्या कागदावर पत्र लिहीत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी कागद उलटा केला, पण उलटा करण्याआधी 'स्वाभिमान' हा शब्द मला दिसला. कुणी 'या' म्हणालं नाही. भाऊ कोटाचं बटण लावत राहिले. तेव्हा आईनं पुढे होऊन तांब्या आतून आलेल्या बाईंच्या हातात दिला.

"अगं माय! हाऊ तं आपला तांब्या शे," त्या म्हणाल्या. "कोठे सापडना तुम्हले?"

"आमच्या मुलीपाशी होता," आई म्हणाली आणि थांबली. पुढचं काय सांगायचं ते तिनंही ठरवलेलं नव्हतं. आबासाहेबांनी आमच्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. "हा तर परवा प्रवासात हरवला. तुमच्याकडे कसा?" अक्काचे कान लाल झाले होते. मी जमिनीवरच्या फरशा मोजायला लागले. अकरा मोजल्या.

"मी दिला होता," आतल्या दारातून दिनकर म्हणाले. मी त्यांना तेव्हा नीट पाहिलं. केस फोटोपेक्षा कमी होते. "स्टँडवर. त्यांना पाणी हवं होतं."

पाणी कशासाठी, हे ते बोलले नाहीत. आजपर्यंत चारचौघांत कधी बोललेले नाहीत.

"तुला ठाऊक होतं की ह्या त्याच?" आबासाहेब उभे राहिले. "फोटो बघितला होतास ना?"

"होय."

"आणि तू आमच्यासोबत मुकाट्यानं तोरणमाळला आलास? सात पायरी घाट चढलो आपण! दिवसभर त्या तळ्यावर बसलो!"

"तुम्हीच म्हणाला होता, आबा, की मुलीला कुठेही अवचित गाठून बघणं मानहानिकारक आहे. ठरल्या ठिकाणीच भेटायचं."

मग दिनकररावांची आई खुर्चीवर बसून पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिला बघून माझी आई, आणि आबासाहेबांनी पत्राचा कागद घडी करून खादीच्या खिशात घातला. "बसा, बसा. आते जेवाशिवाय जावानं नही," बाई म्हणाल्या. "मन्हं तं सापुतारा राहीच गया." आणि अशा रीतीनं दिवाणखान्यात, सतरंजीवर, अक्काला बसवून सगळ्यांनी बघितलं. पोहेही झाले. जेवायला शेवेची भाजी होती. भाऊंना दुसऱ्यांदा भाजी वाढायला बाई पुढे आल्या, भाऊ सवयीनं "नको" म्हणाले, आणि अख्खी पंगत हात थांबवून त्यांच्याकडे बघायला लागली. भाऊंनी मुकाट्यानं वाटी पुढे केली.

अक्का धुळ्यात राहते. दिनकररावांचे केस आता चर्चेचा विषय उरलेले नाहीत. आबासाहेबांनी पुढे पुष्कळ सुधारणा केल्या, त्यांतल्या काही टिकल्या. माझ्या भाच्यांनी मोबाइलवर बघून तोरणमाळही केलं आणि सापुताराही. गाडी दारातून दारात जाते, कुणी कुणाला निरोप देत नाही. अक्का आणि दिनकरराव मात्र दोन्हीपैकी एकाही ठिकाणी आजवर गेलेले नाहीत. तिला अजून गाडी लागते.

तांब्या त्यांच्या शोकेसमध्ये आहे, 'समाजधुरीण' ही बाजू पुढे करून. आईनं त्यात मध काठोकाठ भरला होता. तो आट्यांत उतरून वाळला आणि फिरकी जी बसली ती बसली. गरम पाणी झालं, पक्कड झाली, दोन जावई आणि एक नळदुरुस्तीवाला झाला. मध अजून आतच आहे.